शाफ्टची किक: अर्धा ज्यूल आणि अडीचशे ज्यूल

गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे चेंडू सर्वांत लांब मारायचा क्लब, विकत घ्यायला गेलं की बऱ्याच ठिकाणी एक प्रयोग करून दाखवतात. हेड (चेंडूला लागणारं खालचं टोक) जमिनीला टेकवायचं, ग्रिपवर (हाताने धरायच्या वरच्या टोकावर) जोर द्यायचा, शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, कमानीसारखा वाकवायचा आणि सांगायचं, "बघा कसा लोड होतोय. खाली येताना हाच किक मारतो." हे लगेच पटतं, कारण धनुष्य आपल्या ओळखीचं आहे: ताणलं, सोडलं, बाण गेला. मग कमी वेगाच्या खेळाडूला ‘मऊ शाफ्ट घे, जास्त किक मिळेल’ असा सल्ला मिळतो आणि तो वर्षानुवर्षं तोंडातोंडी फिरत राहतो. शाफ्ट महत्त्वाचा आहेच, पण या कारणासाठी नाही. कारण चुकलं की खरेदीही चुकते, म्हणून आधी आकडे मांडू.

समजा ड्रायव्हरची ग्रिपकडची ५ इंच लांबी व्हाइसमध्ये घट्ट आवळली आणि हेड थोडं दाबून सोडलं. हेड वरखाली हलायला लागेल. रेग्युलर (मध्यम) आणि स्टिफ (ताठ) यांच्या सीमेवरचा शाफ्ट असेल तर मिनिटाला साधारण २५० कंपनं होतील, म्हणजे सेकंदाला ४.१७. क्लब बांधणारे याला सीपीएम म्हणतात. आता हेडचं वजन २०० ग्रॅम, त्यात शाफ्टच्या वजनाचा पाव भाग मिळवा, म्हणजे ६० ग्रॅमच्या शाफ्टचे १५ ग्रॅम. वस्तुमान २१५ ग्रॅम आणि वारंवारिता ४.१७ यांवरून शाफ्टचा स्प्रिंगसारखा ताठरपणा निघतो मीटरला सुमारे १४७ न्यूटन. हा किती, याचा अंदाज यावा म्हणून: टोकाला १ किलोचं वजन टांगलं तर टोक पावणेसात सेंटिमीटर खाली जाईल.

डाऊनस्विंगच्या, म्हणजे क्लब वरून चेंडूकडे आणण्याच्या, सुरुवातीला हात खाली निघतात, हेड जडत्वामुळे मागे रेंगाळतं आणि शाफ्ट मागे वाकतो. हा बाक ८ सेंटिमीटर धरू. स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा म्हणजे ताठरपणा गुणिले बाकाचा वर्ग, त्याचं अर्धं. उत्तर येतं ०.४७ ज्यूल. अर्धा ज्यूलसुद्धा नाही.

दुसऱ्या बाजूला हेड. २०० ग्रॅमचं हेड सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी ११२ मैल वेगाने चेंडूवर येतं तेव्हा त्याची गतिज ऊर्जा असते २५० ज्यूल. शाफ्टमधला अर्धा ज्यूल त्यात पूर्णच्या पूर्ण उतरला असं मानलं, तरी वेग ५० वरून ५०.०५ होईल. ताशी ०.१ मैलाची वाढ. बाक दुप्पट करा, १६ सेंटिमीटर. ऊर्जा चौपट होऊन १.९ ज्यूल होते, तरीही हेडच्या ऊर्जेच्या १ टक्का भरत नाही. धनुष्यात बाणाची जवळजवळ सगळी ऊर्जा वाकलेल्या दांड्यातून येते. गोल्फ क्लबमध्ये तसं काही घडतच नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो बरोबर आहे. शाफ्ट मागच्या बाकातून पुढच्या बाकात जातो, तेव्हा हेड ग्रिपच्या तुलनेत पुढे धावत असतं. बाक ५ सेंटिमीटर आणि कंपनाची कोनीय वारंवारिता २६ धरली तर हा सापेक्ष वेग सेकंदाला १.३ मीटर होतो. ५० मध्ये १.३ म्हणजे अडीच टक्क्यांच्या वर. मग हे कुठून आलं? हातातून. शाफ्ट हेडला पुढे ढकलतो तेव्हा तोच शाफ्ट ग्रिपला उलट दिशेने रेटतो आणि ग्रिपचं फिरणं तेवढं मंदावतं. हेडने सरळ दांड्याच्या तुलनेत जे कमावलं, त्यातलं बरंचसं ग्रिपच्या बाजूने आधीच गमावलेलं असतं. म्हणून ‘किक’चा वेग मोजता येतो, पण तो पूर्णच्या पूर्ण नफ्यात धरता येत नाही.

आणि फ्लेक्स, म्हणजे शाफ्टचा मऊ-ताठपणा, बदलून या १.३ मध्ये किती फरक पडतो? तेवढ्याच बलाखाली बाक ताठरपणाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, वारंवारिता ताठरपणाच्या वर्गमुळाने वाढते, त्यामुळे किकचा वेग वारंवारितेच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. २५० सीपीएमचा शाफ्ट काढून २६५ चा घातला, म्हणजे आर, एस अशा फ्लेक्सच्या अक्षरांत जवळपास एक पूर्ण अक्षर वर गेलो, तर १.३ चे १.२३ होतात. सेकंदाला ७ सेंटिमीटर. याहून जास्त फरक दोन लागोपाठच्या स्विंगमध्ये सहज पडतो.

मोजमापं आणि संगणकावरच्या प्रतिकृतीही याच बाजूला झुकतात. मिल्न आणि डेव्हिस यांनी १९९२ मध्ये शाफ्टच्या वाकण्याचा अभ्यास केला, तेव्हा स्विंगच्या गतिकीत त्या लवचिकतेची भूमिका गौण आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. २००९ मध्ये मॅकेंझी आणि स्प्रिगिंग्ज यांनी त्रिमितीय प्रतिकृतीत निरनिराळ्या ताठरपणाचे शाफ्ट फिरवून पाहिले. हेडच्या वेगात नाव घेण्यासारखा फरक आला नाही. फरक आला तो इम्पॅक्टच्या, म्हणजे हेड चेंडूला लागण्याच्या, क्षणी फेस (हेडचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) किती उघडा, किती उताणा आहे यात. शाफ्टची खरी कामगिरी तिथे आहे.

त्याकडे वळण्याआधी वेग येतो कुठून ते पाहू, नाहीतर मनात धनुष्यच राहील.

वेग समजायला धनुष्यापेक्षा गोफण जास्त उपयोगी. शेतात पाखरं हाकणाऱ्याच्या हातातल्या गोफणीची दोरी वाकवायला शून्य जोर लागतो. तिच्यात फ्लेक्सही नाही आणि किकही नाही. तरी दगड भिरभिरत सुटतो, कारण हात छोट्या वर्तुळात फिरतो आणि दोरीतून दगडाला सतत आत ओढत राहतो. गोल्फमध्ये हेच दोन दांड्यांच्या लंबकाने घडतं: खांद्यापासून मनगटापर्यंत एक दांडा, मनगटापासून हेडपर्यंत दुसरा. डाऊनस्विंगच्या पहिल्या भागात मनगटाचा कोन मिटलेला राहतो आणि हात वेग घेतात. चांगल्या खेळाडूच्या हातांचा सर्वाधिक वेग ताशी २० ते २५ मैलांच्या घरात असतो. मग कोन उघडायला लागतो, हेड बाहेर फेकलं जातं आणि हात मंदावतात. हात मंदावणं हा दोष नाही. हातांची ऊर्जा हेडमध्ये गेल्याची ती खूण आहे.

इम्पॅक्टच्या आसपास हेड ज्या वर्तुळात फिरतं त्याची त्रिज्या सव्वा मीटर धरली, तर २०० ग्रॅमच्या हेडला आत ओढून ठेवायला ४०० न्यूटन बल लागतं. ४० किलोचं पोतं उचलल्यासारखा हा ओढा शाफ्टच्या लांबीच्या दिशेने असतो आणि तो तुमच्या हातांनी, पाठीने आणि जमिनीवर रोवलेल्या पायांनी द्यायचा असतो. हा ओढा कमी पडला तर हेडचा वेग कमी पडतो, मग शाफ्टवर कुठलंही अक्षर असो.

आता शाफ्ट काय करतो ते. इम्पॅक्टच्या क्षणी शाफ्ट मागे वाकलेला असेल असं बहुतेकांना वाटतं, कारण ‘लॅग’ (हेडचं हातांमागे रेंगाळणं) हा शब्द कानात बसलेला असतो. प्रत्यक्षात तो पुढे वाकलेला असतो. कारण सोपं आहे. हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत नसतो. तो थोडा मागे आणि बराचसा ‘टो’च्या, म्हणजे हेडच्या खेळाडूपासून लांबच्या कडेच्या, बाजूला असतो. ते ४०० न्यूटन हेडला ओढतात तेव्हा गुरुत्वमध्य हातांच्या रेषेत यायला बघतो. मागे असलेला गुरुत्वमध्य रेषेत येताना शाफ्टचं टोक पुढे ढकलतो, आणि ‘टो’च्या बाजूला असलेला गुरुत्वमध्य ‘टो’ला खाली झुकवतो. याच ओढ्यामुळे शाफ्टला सरळ करणारा ताणही मिळतो, म्हणून हा बाक मर्यादित राहतो.

टोक पुढे गेलं की फेस आकाशाकडे वळतो, म्हणजे लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) वाढतो. मीटरभर लांब दांड्याचं टोक १ सेंटिमीटर पुढे गेलं तर टोकाचा कोन साधारण १ अंशाने बदलतो. ३ सेंटिमीटर पुढचा बाक म्हणजे १०.५ अंशाचा ड्रायव्हर चेंडूवर १३-१४ अंशांचा होऊन येणार. त्यातून फेस किंचित बंदही होतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू मऊ शाफ्टने उंच आणि डावीकडे, तर ताठ शाफ्टने खालून आणि उजवीकडे जातो असं जे म्हणतात, त्याचं मूळ हे. मात्र हा नियम नाही, कल आहे. शाफ्ट बदलला की माणूस नकळत मनगट सोडायची वेळ बदलतो, आणि तो बदल कधीकधी शाफ्टचा सगळा परिणाम पुसून टाकतो, कधी उलटाही करतो. म्हणून कागदावर वाचून शाफ्ट निवडता येत नाही.

इथे मोबाइलच्या व्हिडिओबद्दल एक सांगायलाच हवं. इम्पॅक्टच्या फ्रेममध्ये शाफ्ट केळीच्या आकाराचा वाकलेला दिसतो आणि ती फ्रेम ‘पाहा केवढा फ्लेक्स’ म्हणून पुढे पाठवली जाते. तो बाक बहुतांशी कॅमेऱ्याचा आहे. फोनचा सेन्सर चित्र एका क्षणात टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो. वरची ओळ आणि खालची ओळ यांत १० मिलिसेकंदांचं अंतर असेल तर तेवढ्यात हेड अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं. ग्रिप एका वेळची, हेड दुसऱ्या वेळचं, आणि मधला शाफ्ट त्या दोन वेळांना जोडणारी कमान. फोन आडवा किंवा उलटा धरून तोच स्विंग टिपा, कमानीचा आकार बदलेल. शाफ्टबद्दलचा कुठलाही निष्कर्ष अशा फ्रेमवरून काढू नका.

इम्पॅक्ट स्वतः अर्धा मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात हेड दोन सेंटिमीटरच्या आसपास सरकतं आणि धक्क्याची वार्ता शाफ्टमधून हातापर्यंत पोहोचून उत्तर परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणून ताठ शाफ्ट चेंडूला ‘मागून आधार देतो’ हे खरं नाही. चेंडूपुरतं हेड सुटं असतं. ५० मीटरने आलेलं २०० ग्रॅमचं हेड आणि ४५.९ ग्रॅमचा चेंडू, फेसचा प्रत्यास्थता गुणांक (टकरीतल्या उसळीचं माप) ०.८३: चेंडूचा वेग येतो हेडच्या १.४९ पट, साधारण ७४ मीटर. हेच गुणोत्तर स्मॅश फॅक्टर म्हणून लाँच मॉनिटरवर (फटक्याचे आकडे मोजणाऱ्या यंत्रावर) दिसतं.

हा आकडा शाफ्ट निवडताना हेडच्या वेगाइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, बघावा. फेसच्या मध्यापासून चेंडू सरकला आणि स्मॅश १.४८ वरून १.४२ झाला, तर चेंडूचा वेग ३ मीटरने पडतो. तो भरून काढायला हेडचा वेग सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी साडेचार मैल वाढवावा लागेल. शाफ्ट बदलून एवढी वाढ मिळत नाही. चेंडू मध्यावर आणणारा शाफ्ट मिळाला तर मात्र तेवढा फायदा खरंच पदरात पडतो.

आता अक्षरं. शाफ्टवर मऊपासून ताठापर्यंत लिहिलेल्या एल, ए, आर, एस, एक्स यांना कुठलंही सामाईक प्रमाण नाही. एका कंपनीचा एस दुसऱ्या कंपनीच्या आर इतका मऊ निघू शकतो, आणि एकाच कंपनीच्या ५० ग्रॅमच्या आणि ७० ग्रॅमच्या एसमध्येही अंतर असतं. म्हणून अक्षरापेक्षा सीपीएम विचारा, आणि तो कोणत्या लांबीला, कोणत्या हेड-वजनाला, किती इंच आवळून मोजला तेही विचारा. ढोबळ पल्ला असा: ड्रायव्हरचा आर २३५ ते २५५, एस २५० ते २६५, एक्स त्याच्या वर. पल्ले एकमेकांवर चढतात, यातच सगळं आलं.

क्लब घरी किंवा दुकानात जुळवताना या आकड्याला किती धक्का लागतो हे माहीत असलं की बऱ्याच चुका टळतात. व्हाइसबाहेर ४० इंच मोकळी लांबी असेल तर अर्धा इंच लांबी वाढवल्याने सीपीएम साडेचार-पाचने उतरतो. हेडला ४ ग्रॅम शिशाची टेप लावली तर दोन-अडीचने उतरतो. म्हणजे कुणी ४५ इंचांचा क्लब ४६ चा करून वर टेप चिकटवली, तर शाफ्ट न बदलताच फ्लेक्स बराच खाली आणला. स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड हाताला किती जड लागतं याचं माप, तेही सोबत हलतं: अर्ध्या इंचाला साधारण ३ अंक, हेडच्या २ ग्रॅमला १ अंक, आणि ग्रिप ४-५ ग्रॅमने जड केली तर १ अंक उलट दिशेने. लांब शाफ्टने वेग थोडा वाढतो हे खरं, पण लांबीच्या प्रमाणात वाढत नाही आणि फेसवरचे ठसे पांगतात. स्पर्धेत ४८ इंचांची मूळ मर्यादा आहे आणि जानेवारी २०२२ पासून आयोजकांना स्थानिक नियमाने ती ४६ इंचांवर आणता येते. हौशी खेळाडूने ४६ चा मोह मुळात धरू नये. साडेचव्वेचाळीस इंचांवर चेंडू जास्त वेळा मध्यावर बसतो का, हे आधी तपासावं.

शाफ्टचं वजन मी फ्लेक्सच्या आधी बघेन. ड्रायव्हरच्या ग्रॅफाइट शाफ्टचं वजन ४० ते ८० ग्रॅमपर्यंत असतं. २० ग्रॅमचा फरक हाताला लगेच कळतो, हात खाली यायची लय बदलते आणि ती लयच फेस कुठे पोहोचणार हे ठरवते. घाईने वरून झडप घालणाऱ्याला फार हलका शाफ्ट आणखी घाई करायला लावतो. टॉर्क म्हणजे शाफ्टचं पिळलं जाणं. ठरावीक पिळ दिल्यावर तो किती अंश फिरतो हे अंशात लिहितात, ड्रायव्हरला बहुधा ३ ते ६. जुन्या हिकरी लाकडाच्या दांड्यांचा मोठा त्रास वाकण्यापेक्षा या पिळाचा होता. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने स्टीलला १९२४ मध्ये मान्यता दिली, सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंटने १९२९ मध्ये, आणि १९३१ मध्ये बिली बर्क स्टीलच्या शाफ्टने यूएस ओपन जिंकला. खेळाडू स्टीलकडे वळले ते वेगासाठी कमी आणि फेस जागेवर येण्याच्या भरवशासाठी जास्त.

चाचणी घ्यायची तर अशी घ्या. हेड एकच, लॉफ्टची खूण एकच, लांबी आणि स्विंगवेट एकच, चेंडू तुम्ही खेळता तोच. फेसवर व्हाइटबोर्डच्या मार्करने पातळ थर द्या किंवा पायाला मारायची पावडर फवारा, म्हणजे ठसा दिसेल. पहिल्या शाफ्टने ६ चेंडू, दुसऱ्याने ६, परत दुसऱ्याने ६, परत पहिल्याने ६. हा उलटसुलट क्रम महत्त्वाचा आहे: आधी एकाने १२ मारून मग दुसऱ्याने मारले तर अंग तापण्याचा किंवा थकण्याचा हिशेब शाफ्टच्या नावावर जमा होतो. सर्वांत लांब गेलेला चेंडू लक्षात राहतो, पण तो वगळून मधला आकडा घ्या. हेडचा वेग, स्मॅश, चेंडू उडण्याचा कोन, फिरकी, आणि कागदावर ठशांचा नकाशा. दोन शाफ्टमधला वेगाचा फरक ताशी १ मैलाच्या आत असेल तर तो सोडून द्या आणि ठशांचा घोळका कुणाचा लहान आहे ते पाहा. उंची थोडी कमीजास्त असेल तर हेडच्या स्लीव्हवर (शाफ्ट जोडायच्या फिरत्या सांध्यावर) लॉफ्ट अंशभर हलवून ती जुळते. त्यासाठी नवा शाफ्ट घ्यायची गरज नाही.

शाफ्ट बदलताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. टोकाकडून कापला तर शाफ्ट ताठ होतो, ग्रिपकडून कापला तर फारसा नाही, त्यामुळे कोणत्या टोकाने कापायचं हे उत्पादकाच्या तक्त्यात बघितल्याशिवाय करवत लावू नका. एकदा कापलेलं टोक परत येत नाही. ड्रायव्हरच्या शाफ्टचं टोक बहुधा ०.३३५ इंच जाडीचं असतं. होजलमध्ये (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिच्यात) जाणाऱ्या इंच-सव्वा इंचावरचा फक्त रंग घासून काढायचा. तंतू दिसायला लागले की तिथून शाफ्ट कमजोर होतो आणि कधीतरी होजलच्या तोंडाशीच मोडतो. ग्रॅफाइट काढताना उष्णता होजलला द्या, शाफ्टला नाही, आणि पुलरने सरळ रेषेत ओढा. स्टीलसारखा पिळून काढायला गेलात तर आतले थर सुटतात. बाहेरून काही दिसत नाही, पण पुढच्या चाचणीत तोच शाफ्ट अचानक ‘मऊ’ झालेला आढळतो. इपॉक्सी नीट मिसळून भरली की २४ तास क्लबला हात लावू नका.

आपल्याकडच्या हवेचाही इथे वाटा आहे. मे महिन्यात नागपूरला किंवा सोलापूरला उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅग दिवसभर राहिली, तर इपॉक्सी मऊ पडून सांधा हळूहळू ढिला होतो. मुंबई-कोकणच्या पावसात स्टीलच्या शाफ्टमध्ये पाणी शिरून टोकाशी आतून गंज धरतो. होजलजवळचं प्लास्टिकचं कडं मूळ जागेवरून वर सरकलेलं दिसलं, किंवा हेड हलवताना बारीक टक् असा आवाज आला, तर त्या क्लबने पुढचा चेंडू मारू नका. ४०० न्यूटनच्या ओढ्याने हेड सुटलं तर ते सेकंदाला ५० मीटरने समोरच्या दिशेला जातं, आणि रेंजवर शेजारच्या मॅटवर माणसं उभी असतात.